कलाबतूचं आजारपण

आज सकाळी नळाला पुन्हा चहाच्या रंगाचं पाणी आलं. भाद्रपद निम्मा सरला की उस्मानपुऱ्यात हे दरवर्षीचंच. लोक गच्चीवरून एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडं पण तसंच का हो?" आणि तसंच आहे म्हटल्यावर का कुणास ठाऊक, त्यांना बरं वाटतं. आमच्या सूनबाईंनी, वर्षानं, बादली भरली, डब्यातून तुरटीचा खडा काढला आणि पाण्यात गरागरा फिरवायला घेतला. मी मागं उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पुरे! किती फिरवशील?"

ती दचकलीच. "अहो आई, चारच फेरे दिले की. गाळ बसायला नको का?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तुरटीनं गाळ बसतो, पाणी नितळ होतं, हे मलाही कळतं. आमच्या आईनं जन्मभर तेच केलं. पण सांधेदुखी जशी पावसाळ्यात उमळते तसे काही राग ठरावीक दिवसांतच उमळतात, आणि माझा हा राग गढूळ पाण्याबरोबर येतो. आश्विनात पाणी निवळतं, मी निवळत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात चिडू नका. या वयात नाही तर कधी चिडायचं? चिडायला हवं होतं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला चिडायची परवानगी नव्हती.

निजामाच्या राज्यातलं औरंगाबाद. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मुन्सिफ होते, म्हणजे खालच्या कोर्टातले न्यायाधीश. निकाल उर्दूत लिहायचे, घरात मराठी बोलायचे आणि रागावले की दोन्ही भाषा सोडून गप्प बसायचे. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्याशिवाय ते कुणाला दोषी म्हणत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. बाजारातून त्यांच्याबरोबर चालताना लोक बाजूला होत आणि सलाम करत, तेव्हा मी उगाच मान ताठ करून चालायची. किती गर्व होता मला त्यांचा! तो गर्व आठवला की आता माझीच मला कीव येते.

कलाबतू आली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मामा हैदराबादला रेल्वेत नोकरीला होता. तो काचेची गोल हंडी अख्खा प्रवास मांडीवर धरून आला, वर ओलं फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर आत बोटभर लांबीचा सोनेरी मासा. पदराला हात पुसत आई बाहेर आली आणि वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, ही तर कलाबतू!" पैठणीच्या काठात असते ती सोन्याची तार म्हणजे कलाबतू. नाव तिथंच पडलं. ती मादी आहे की नर, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं आणि माशालाही त्याचं काही पडलेलं दिसलं नाही.

आईची अट एकच होती. हंडी स्वयंपाकघरात नको आणि देवापाशी नको. म्हणून ती ओसरीवरच्या कोनाड्यात गेली. तिथं सकाळचं ऊन तिरपं यायचं आणि समोरच्या भिंतीवर एक हलणारा सोनेरी ठिपका पडायचा. मी काचेवर बोट टेकवलं की कलाबतू बोटापाशी यायची. बोट फिरवलं की मागं फिरायची. भाताचं शीत चुरडून टाकलं की तोंड उघडून एवढ्या घाईनं गिळायची, की आई म्हणायची, "हिला कुणी वाढलं नाही का काल?" माझ्यामागं शाळेतला अभ्यास, आईची कामं, नानांची शांतता असं सगळं असायचं. माझं ऐकून माझ्यामागं फिरणारं त्या घरात एवढं एकच होतं.

आता पाण्याचं सांगते. पिण्याचं पाणी परसातल्या आडाचं, ते आई स्वतः शेंदायची. बाकी अंगणाला, न्हाणीला, झाडांना आणि कलाबतूला लागणारं पाणी बाबूमियाँ भिश्ती आणायचा. आमच्या शहरात डोंगराकडून जमिनीच्या पोटातून नहरीचं पाणी येतं, शेकडो वर्षांपासून येतं, आणि गल्लीच्या तोंडाशी हौदात पडतं. तिथून बाबूमियाँ मशक भरायचा. मशक म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. ती पाठीवर घेऊन तो कमरेत वाकून चालत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "पानी आया, बाईसाब!" आई आत सरकायची. तो घंगाळात पाणी सोडायचा. पण त्याआधी मशकेचं तोंड सैल करून ओंजळभर पाणी घ्यायचा, हुंगायचा आणि थोडं जिभेवर ठेवायचा. रोज, न चुकता.

"रोज काय चाखता? कालचंच पाणी आहे की," मी एकदा म्हटलं.

"पानी रोज वेगळं असतं, बीबी," तो म्हणाला. "माणसाला नाय कळत. भिश्त्याला कळाया पायजे."

माशाचं त्यानंच मला शिकवलं. हंडीचं सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, अर्धं जुनं ठेवायचं. नवं पाणी घंगाळात दिवसभर राहू द्यायचं, मग घालायचं. तो कधी पाणचक्कीच्या हौदातल्या माशांच्या गोष्टी सांगायचा. मी ऐकायची आणि त्याच्या मशकेतून ठिबकणारं पाणी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर ओढत रेघोट्या काढायची. अठरा वर्षं तो आमच्याकडं पाणी घालत होता, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून.

त्या वर्षी पाऊस भाद्रपदात असा काही कोसळला की जन्मात कधी गढूळ न होणारं नहरीचं पाणीही लालसर आलं. वर कुठंतरी माती ढासळली असं लोक म्हणाले. त्यात पटकीचे दिवस. शहरात चार ठिकाणी पटकी लागल्याची बातमी होती आणि जो तो पाण्याकडं संशयानं बघत होता. आई आडाच्या पाण्याच्या प्रत्येक घागरीत तुरटीचे फेरे देत होती, मग ते उकळत होती आणि मग कपड्यातून गाळत होती. घरात सगळीकडं तुरटीचे खडे. मी खेळायलाही तेच घ्यायची.

शुक्रवारी कोर्टाला सुट्टी. त्या शुक्रवारी नानांच्या कोर्टातली चारपाच मंडळी चहाला येणार होती. सकाळी आई ओसरी झाडताना म्हणाली, "तुझी कलाबतू दिसतेय का बघ त्या चिखलात. पाहुण्यांनी विचारलं तर काय दाखवशील?"

खरंच दिसत नव्हती. लालसर पाण्यात नुसती एक सावली हलत होती. मला लाज वाटली. मग मला वाटलं, आई घागरीला करते तेच मी हंडीला करीन. तुरटीचा खडा दोऱ्याला बांधला आणि फिरवला. चार फेऱ्यांनी माझं समाधान होईना. हात दुखेपर्यंत फिरवला. तासाभरानं गाळ खाली बसला, पाणी असं स्वच्छ झालं की कलाबतू हवेत तरंगतेय असं वाटावं. मला इतका आनंद झाला की तो खडा मी हंडीतच सोडून दिला. पडू दे आतच, पाणी साफ करत राहील.

पाहुण्यांनी फार कौतुक केलं. नानांचे पेशकार, म्हणजे कोर्टात त्यांच्यासमोर कागद मांडणारे गृहस्थ, कपाळाला हात लावून म्हणाले, "वाह! साहेब, या दिवसांत असं पाणी तर आमच्या घरात प्यायला पण नाही!" नाना हसले. माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, असं ते वर्षातून एकदोनदाच करायचे. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी कलाबतू पाण्याच्या अगदी वर होती. तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होती, एकसारखी. कल्ले भराभर हलत होते. एरवी पंख्यासारखं पसरलेलं शेपूट मिटून अंगाला चिकटलेलं. अंगावर पांढुरकं पातळसं काहीतरी आलं होतं. मी काचेवर बोट टेकवलं. ती आली नाही. एका कुशीवर कलली, परत सावरली, पुन्हा कलली.

मासा आजारी पडलाय, हे जगात कुणालाच खरं वाटत नाही. गाय आजारी पडली तर घर जेवत नाही. बैलाला काही झालं तर गावोगावचे जाणकार बोलावतात. पोपट गप्प झाला तरी शेजारणी येऊन विचारतात. माशाचं नाव काढलं की लोक हसतात. मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं धावत गेले तर त्यानं बाटल्या पुसता पुसता मोठ्यानं म्हटलं, "सर्दी झाली असेल बेटा, दिवसभर पाण्यात असते ना!" बाकावर बसलेले सगळे रोगी खोखो हसले. स्वतः तापानं फणफणलेली माणसं! त्यांचा मला जो संताप आला, तो साठ वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही.

घरी आले तर शेजारच्या गोदाक्का हंडीपुढं बसलेल्या. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. "लई देखणं जनावर व्हतं गं, कुणाची तरी नजर लागली. काल इतकी माणसं येऊन गेली, व्हय की नाय?" त्यांनी हंडीत चिमूटभर हळद टाकली. आईनं तुळशीचं पान टाकलं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. आणि मी? पाणी बिघडलंय असं सगळे म्हणत होते, म्हणून मी ते साफ करायला घेतलं. तुरटीचा दुसरा खडा आणला, पहिल्याहून मोठा, आणि तोही आत सोडला.

हे लिहितानाही मला राग येतो, तो मात्र माझ्यावरचाच. दहा वर्षांची होते, मान्य. अजाण होते, तेही मान्य. पण शहाण्यासुरत्या बाया आणि शिकलेली माणसं भोवती असताना एकानंही म्हटलं नाही की पोरी, काल या पाण्यात काय घातलंस ते आठव. काय घालायचं हे प्रत्येकजण सांगत होता.

दुपारी नाना कोर्टातून परतले तर त्यांच्याबरोबर पेशकार कसलासा कागद घेऊन आले. कलाबतूला बघून ते चुकचुकले. मग आवाज खाली आणून नानांना म्हणाले, "साहेब, मासा खोटं बोलत नाही. पाणीच खराब आहे. हे भिश्ती लोक पावसात नहरीपर्यंत जातात कुठं? खाली खाम नदीवर मशक बुडवतात आणि आणून ओततात. पटकीचे दिवस आहेत. मी आपला सावध करतोय."

झालं. एवढंच. ना साक्ष, ना पुरावा. कोर्टात असं कुणी बोललं असतं तर नानांनी त्याला तिथल्या तिथं गप्प केलं असतं. पण ओसरीवर त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. मला तो "हं" तेव्हाच आवडला नव्हता.

संध्याकाळच्या खेपेला बाबूमियाँ आला. पाठीवर भरलेली मशक, कपाळावरून घाम आणि पाऊस दोन्ही गळतंय. नाना ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. त्यांचं ते सभ्य बोलणं मला अजून टोचतं.

"बाबूमियाँ, उद्यापासून येऊ नका. आम्ही दुसरी व्यवस्था केली आहे. हे पाणीही राहू द्या."

बाबूमियाँ वाकलेला होता, तसाच मान वर करून बघत राहिला. "क्या हुआ, साब?"

"पाणी चांगलं नाही. मासा मरतोय."

तो मशकेसकट पायरीपाशी आला. कोनाड्यातली हंडी त्याला हातानं गाठता येत होती. त्यानं एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. त्याचा चेहरा क्षणभर आक्रसला. मग तो माझ्याकडं बघू लागला. नानांकडं नाही, आईच्या दाराकडं नाही, माझ्याकडं.

"बीबी," तो हळू म्हणाला, "आधं पानी काढ. घंगाळातलं परवाचं पानी हाय ना, ते घाल. मिठाचा बारका खडा. खाना दोन रोज बंद. अन् अब इसमें कुछ बी नक्को डालना. कुछ बी."

"झालं का?" नानांनी विचारलं.

"हौ, झालं," तो म्हणाला, आणि ती भरलेली मशक तशीच पाठीवर घेऊन परत गेला. अंगणात ओतली असती तर ओझं हलकं झालं असतं. पण साहेबांनी पाणी नको म्हटलं होतं. गल्लीच्या वळणापर्यंत तो वाकून चालत जाताना मी बघत होते. भरलेली मशक घेऊन कुणा भिश्त्याला परत जाताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

नाना आत गेल्यावर मी हंडीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. तोंड असं आक्रसलं की डोळ्यांत पाणी आलं. तुरट. नुसतं तुरट. तळाशी तुळशीच्या पानाखाली माझे दोन खडे पडलेले, विरघळून अर्धे झालेले.

मी रडत रडत त्यानं सांगितलं तसं केलं. खडे काढले, अर्धं पाणी काढलं, घंगाळातलं घातलं. ते पाणीही त्यानंच आणलेलं होतं, ज्याला आमच्या घरानं नुकतंच विषारी ठरवलं होतं. आईनं दारातून पाहिलं आणि माझ्या हाती मिठाचा खडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबतू तळाशी होती, पण सरळ होती. तिसऱ्या दिवशी तिनं शेपूट थोडं उघडलं. चौथ्या दिवशी माझ्या बोटाच्या मागं वीतभर आली आणि दमून थांबली. शेपटाची कड कायमची झडली, पण ती वाचली.

पण ती बरी होईपर्यंत मी थांबले नव्हते. त्याच शनिवारी, दिवेलागण झाल्यावर, मी नानांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "नाना, पाण्यात तुरटी मी टाकली होती. दोनदा. बाबूमियाँचं पाणी चांगलं होतं."

नानांनी वाचत असलेला कागद खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मार बसणार, आणि खरं सांगते, बसला असता तर बरं झालं असतं.

"खरं बोललीस, चांगलं केलंस," ते म्हणाले. "पुन्हा असं करू नकोस."

"मग बाबूमियाँना बोलावायचं ना?"

"आता दुसरा ठरवला आहे. उद्यापासून येईल."

"पण त्यांनी काही केलं नव्हतं."

"जा, जेवून घे."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती नानांना उलटून कधी बोलायची नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "तुमच्या कोर्टावर वरचं कोर्ट असतं म्हणता ना? घरातल्या निकालावर नसतं का काही?"

"मुन्सिफानं शब्द दिला आणि दोन तासांत फिरवला असं गल्लीत झालं, तर उद्या माझं कोण ऐकेल?" नाना म्हणाले आणि कागद पुन्हा उचलला.

यात गल्लीचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. लवकरच कळलं. आठ दिवसांत गल्लीतल्या एकेक घरानं बाबूमियाँचं पाणी बंद केलं. मुन्सिफसाहेबांनी बंद केलंय म्हणजे काहीतरी असणार, उगाच कुणी अठरा वर्षं पाणी घालणारा माणूस काढत नाही. गोदाक्का तर सगळीकडं सांगत फिरत, "नदीचं पानी आणत व्हता म्हणं! मुन्सिफाच्या घरी मासा मरायला टेकला तवा उघडं पडलं." मी त्यांना गाठून सांगितलं की तुरटी मी टाकली होती. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "किती गुणाची गं लेक. त्या म्हाताऱ्यासाठी खोटं बोलतीया."

असं असतं ते. खोट्याला नानांचं नाव होतं, खऱ्याला माझं होतं. ज्याचं पाणी जिभेवर ठेवून पारखलेलं असायचं, त्याचा शब्द चाखून बघावा असं त्या गल्लीत एकालाही वाटलं नाही. मोठी माणसं लहानांना खरं बोलायला शिकवतात ना, त्यांना एकदा विचारायचंय मला. खरं बोलल्यावर पुढं काय करायचं असतं, हे का नाही हो शिकवत?

आमच्या वर्षाकडं आता मोठी काचेची पेटी आहे, तिच्यात बुडबुडे सोडणारं यंत्र आहे, रंगीत मासे आहेत. मागं एकदा एक मासा आजारी पडला तर तिनं दुकानदाराला फोन लावला. त्यानं पहिल्यांदा काय विचारलं असेल? "ताई, पाण्यात काय घातलं होतं?" फोनवर, न बघता! मी शेजारी बसले होते. मला उठून आत जावं लागलं. वर्षाला वाटलं, आईंना मासे आवडत नाहीत.

त्या वर्षी पाऊस ओसरला, दसरा जवळ आला. एके दिवशी शाळेतून येताना गुलमंडीच्या बाजारात मला बाबूमियाँ दिसला. दुकानांपुढची धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारत होता. घरोघरचं पाणी गेलं होतं, आता त्याच्याकडं रस्ता उरला होता. मशकेचं तोंड मुठीत धरून तो झपाझप पाणी उडवत होता. त्या पाण्याचा वास घ्यायची, चव बघायची काही गरज नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिले.

त्यानं मूठ आवळून पाणी थांबवलं. "मछली?"

"जगली."

"खाती?"

"खाते."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा मशक उचलू लागला. मला वाटलं होतं तो हसेल, पूर्वीसारखा. तो हसला नाही.

"बाबूमियाँ, तुम्हाला कळलं होतं ना? तुरटी होती ते?"

"जबान पे रखते ही."

"मग नानांना तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्याचा चेहरा एकदम लाल झाला. अठरा वर्षं ज्यानं आमच्या दारात आवाज चढवला नव्हता, तो भर बाजारात माझ्यावर ओरडला.

"पूछे क्या वो? तेरे बाप ने पूछे क्या मेरे कू? अठरा बरस पानी डाला मैं. एक बार बोलते, बाबूमियाँ, ये पानी कहाँ का? मैं हाथ पकड के नहर पे ले जाता. दिखाता. पूछेच नै!" मग आवाज खाली आणून, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, "अन् तेरा नाम लेता तो मानते क्या? मुन्सिफ की बेटी."

दोन दुकानदार बघू लागले होते. तो वाकला, मशक पाठीवर घेतली आणि पुढच्या दुकानाकडं गेला. मी तिथंच उभी होते. त्यानं मारलेल्या पाण्यानं माझी पावलं भिजली होती.

घरी आले तर नाना नुकतेच कोर्टातून येऊन ओसरीवर बसले होते. शेरवानी काढून खुंटीला टांगलेली. मी दप्तर न ठेवता त्यांच्यासमोर गेले आणि बाबूमियाँ बोलला ते जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, सांगितलं. "पूछेच नै" म्हणताना माझा आवाज फाटला. आई आतून बाहेर आली होती.

नाना काही बोलले नाहीत. पण या वेळची शांतता रागाची नव्हती, तेवढं मला ओळखता येत होतं. ते उठले. खुंटीवरची शेरवानी पुन्हा अंगात चढवली. गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण लावलं. टोपी घातली, जोडे घातले. आईनं माझा दंड घट्ट धरला. आम्हा दोघींना कळलं होतं ते कुठं निघालेत. मला रडू यायला लागलं, सुखानं. माझे नाना परत माझे नाना होणार होते.

त्यांनी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. समोरून कुणीतरी चाललं होतं. तो माणूस थांबला, कमरेत लवला आणि म्हणाला, "आदाब, मुन्सिफसाब! इस वक्त किधर?"

नानांनी हात कपाळाला लावला. "आदाब. कहीं नहीं," ते म्हणाले. "जरा हवा देखी."

मग तो पाय त्यांनी आत घेतला, दार लावलं, जोडे काढले आणि आमच्याकडं पाठ करून खालपासून वरपर्यंत एकेक बटण सोडायला लागले. आईचा हात माझ्या दंडावरून गळून पडला.

नाना त्या दिवशी चाळिशीत होते. आज मी त्यांच्या त्या वयापेक्षा तीस वर्षांनी मोठी आहे आणि मोठ्या माणसांच्या अडचणी मला सगळ्या कळतात. पण मी त्यांना माफ केलेलं नाही.